भूमिका साहेबांची, खटले तुमचे : मनसेच्या कार्यकर्त्यांना खुले पत्र

महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे सन्माननीय पदाधिकारी, शाखाध्यक्ष आणि कार्यकर्ते यांस,

सस्नेह जय महाराष्ट्र.

हे पत्र राज ठाकरे यांनाच लिहिता आले असते, पण ते मुद्दाम तुम्हाला लिहीत आहे. साहेबांना सल्ला देणाऱ्यांची महाराष्ट्रात कधीच वानवा नव्हती. प्रत्येक निवडणुकीच्या आधी आणि प्रत्येक पराभवाच्या नंतर कोणी ना कोणी त्यांना चार गोष्टी सुनावतो, आणि ते स्वतः फर्डे वक्ते व जातिवंत व्यंगचित्रकार असल्यामुळे अशा सल्लागाराची एखाद्या नकलेत वासलात लावून मोकळे होतात. तुमचे तसे नाही. पक्षाची भूमिका ठरते तेव्हा तुम्हाला कोणी विचारत नाही. ती भूमिका रस्त्यावर उतरवायची वेळ येते तेव्हा मात्र पोलीस ठाण्यात नाव तुमचे लिहिले जाते. भूमिका ठरवणारा आणि तिची किंमत मोजणारा यांच्यातले हे अंतर तुमच्यासमोर ठेवावे, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

आधी एक गोष्ट मान्य करतो, कारण ती न मान्य करता पुढे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. राज ठाकरे यांनी उचललेला मूळ प्रश्न खोटा नाही. मुंबईत मराठी माणसाला घर नाकारले जाते, दुकानाची पाटी मराठीत असावी म्हणून कायद्याचा बडगा दाखवावा लागतो, केंद्र सरकारच्या नोकरभरतीची खबर इथल्या मुलांपर्यंत वेळेत पोहोचत नाही, या तक्रारी काल्पनिक नव्हत्या आणि आजही नाहीत. इतर पक्ष ज्या विषयावर संकोचाने बोलत असत, त्यावर हा माणूस मोकळेपणाने बोलला, म्हणूनच २००६ साली हजारो तरुण त्यांच्यामागे गेले.

पण ते कोण म्हणून बोलत होते, हेही विसरता येत नाही. १४ जून १९६८ रोजी जन्मलेले स्वरराज श्रीकांत ठाकरे हे प्रबोधनकारांचे नातू, शिवसेनाप्रमुखांचे पुतणे आणि संगीतकार व व्यंगचित्रकार श्रीकांत ठाकरे यांचे चिरंजीव. त्यांची आई ही उद्धव यांच्या मातोश्री मीनाताईंची सख्खी बहीण, म्हणजे उद्धव ठाकरे यांच्याशी नाते दुहेरी. जे. जे.मध्ये कलेचे शिक्षण, काकांकडून घेतलेले ब्रशचे आणि भाषणाचे वळण, मग भारतीय विद्यार्थी सेनेचे नेतृत्व आणि १९९६ साली मायकल जॅक्सनला मुंबईत आणणारी शिव उद्योग सेना, हा प्रवास सामान्य घरातल्या कार्यकर्त्याचा नव्हे. त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला, कष्ट केले, हे खरे. पण दार आधीच उघडे होते, हेही तितकेच खरे. जानेवारी २००३ मध्ये महाबळेश्वरच्या शिबिरात उद्धव यांचे नाव कार्याध्यक्षपदासाठी खुद्द राज यांनीच मांडले, आणि पुढे तीन वर्षेही उलटली नाहीत तोच, २७ नोव्हेंबर २००५ रोजी, आपले भांडण विठ्ठलाशी नसून भोवतीच्या बडव्यांशी आहे असे सांगत त्यांनी शिवसेनेतील पदांचा राजीनामा दिला. ९ मार्च २००६ रोजी तुमचा पक्ष स्थापन झाला आणि त्याच महिन्यात शिवाजी पार्कवर पहिली सभा झाली. नव्या पक्षाची पहिलीच सभा त्या मैदानावर भरवता येणे हे भाग्य आडनावाने दिलेले होते.

ते आडनाव आणखी एक गोष्ट देते आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची आहे : हरल्यानंतरची संधी. २००९ च्या विधानसभेत तुमचे १३ आमदार निवडून आले. २०१४ मध्ये एक, २०१९ मध्ये एक आणि २०२४ मध्ये शून्य. सुमारे पावणेसहा टक्क्यांवरून तुमची मते दीड टक्क्याच्या आसपास आली. दुसऱ्या कोणा नेत्याची ही पत्रिका असती तर त्याच्या पत्रकार परिषदेला दोन वार्ताहर आले नसते. राज ठाकरे यांच्या घरासमोर मात्र आजही कॅमेऱ्यांची रांग लागते, मुख्यमंत्री चहाला येतात, उपमुख्यमंत्री जेवायला येतात. सभेची गर्दी मतपेटीत उतरत नाही, हे ते स्वतःही बोलून दाखवतात. त्यांना ते परवडते. तुमच्यापैकी जो दोनदा वॉर्डात हरतो, त्याला तिसऱ्या वेळी घरचेच लोक नोकरी बघायला सांगतात.

आता भूमिकांकडे येतो. २००६ च्या झेंड्यात भगव्याबरोबर निळा आणि हिरवा रंग होता, आणि जातपात व धर्म न पाहता मराठी म्हणून सर्वांना सोबत घेणारा पक्ष, अशी तुमची ओळख तुम्हीच घरोघरी सांगितली होती. २०११ साली साहेब गुजरातचा दौरा करून आले आणि तिथल्या कारभाराची मुक्त कंठाने स्तुती केली. २०१४ च्या लोकसभेला स्वतःचे उमेदवार उभे केले, पण पंतप्रधान मोदीच व्हावेत असे सांगितले. २०१९ ला एकही उमेदवार न देता मोदी आणि शहा यांच्याविरुद्ध महाराष्ट्रभर सभा घेतल्या. २३ जानेवारी २०२० रोजी झेंडा संपूर्ण भगवा झाला आणि त्यावर राजमुद्रा आली. २ एप्रिल २०२२ च्या पाडव्याला मशिदींवरचे भोंगे उतरवले नाहीत तर मशिदींसमोर भोंगे लावून हनुमान चालीसा वाजवण्याचा विषय आला, तर ९ एप्रिल २०२४ च्या पाडव्याला मोदींना बिनशर्त पाठिंबा. आणि ५ जुलै २०२५ रोजी वरळीच्या डोममध्ये उद्धव ठाकरे यांच्या खांद्याला खांदा लावून, त्याच भाजपच्या राज्य सरकारने हिंदीसक्तीचे निर्णय मागे घेतले म्हणून विजयी मेळावा.

भूमिका बदलणे हा गुन्हा नव्हे. परिस्थिती बदलली की शहाणा माणूस मत बदलतो. पण बदलाचे कारण सांगावे लागते, निदान ज्यांच्या जिवावर आधीची भूमिका उभी होती त्यांना तरी. २०१९ च्या त्या सभा आठवून पाहा. अंधारात मोठा पडदा, साहेबांच्या हातात कागद, ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हटले की मागे जाहिरात सुरू व्हायची. मेळघाटातले हरिसाल हे गाव सरकारी जाहिरातीत डिजिटल म्हणून मिरवत होते. साहेबांनी तिथली खरी परिस्थिती चित्रित करून दाखवली, इतकेच नव्हे तर जाहिरातीतला तरुण व्यासपीठावर आणून उभा केला. त्या प्रचारात कोणाला मारहाण नव्हती की शिवीगाळ नव्हती. सत्तेने केलेला दावा आणि त्याच्या शेजारी ठेवलेला पुरावा, इतकाच मामला होता, आणि माझ्या मते विरोधी पक्षाचे काम इतक्या नेमकेपणाने महाराष्ट्रात त्या वर्षी दुसऱ्या कोणी केले नाही. म्हणूनच पाच वर्षांनी बिनशर्त पाठिंबा जाहीर झाला तेव्हा प्रश्न पडला, की हरिसालचे पुढे काय झाले? आपली टीका मुद्द्यांवर होती, व्यक्तीवर नव्हती, असा साधारण खुलासा आला. मान्य. मग ते मुद्दे सुटले का, हे त्या पाडव्याला कोणी सांगितले नाही आणि तुमच्यापैकीही कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

विचारणाऱ्याचे काय होते, हे तुम्ही पुण्यात पाहिलेले आहे. भोंग्यांची भूमिका आली तेव्हा वसंत मोरे तुमचे शहराध्यक्ष होते. आपल्या प्रभागात मुस्लिम मतदार आहेत, तिथे शांतता राहावी असे आपल्याला वाटते, म्हणून मशिदीसमोर भोंगे लावणार नाही, असे ते उघडपणे म्हणाले. काही दिवसांतच शहराध्यक्षपद गेले आणि २०२४ मध्ये त्यांनी पक्षही सोडला. त्यांच्या नंतरच्या पक्षांतरांविषयी ज्याला जे म्हणायचे ते म्हणू द्या. पण ज्या पक्षाच्या झेंड्यात दोनच वर्षांपूर्वीपर्यंत हिरवा रंग होता, त्या पक्षाच्या शहराध्यक्षाला तो रंग गंभीरपणे घेतल्याची शिक्षा झाली, हे नाकारता येणार नाही.

दुसऱ्या टोकाची माणसेही पाहा. ९ नोव्हेंबर २००९ रोजी विधानसभेत अबू आझमी हिंदीतून शपथ घेत असताना तुमच्या आमदारांनी त्यांच्यावर हात उगारला आणि चार आमदार चार वर्षांसाठी निलंबित झाले. तो प्रकार तेव्हा तुमच्यापैकी अनेकांना पराक्रम वाटला होता. त्या चौघांतले राम कदम पुढे भाजपमध्ये गेले आणि पुन्हा आमदार झाले. त्याच २००९ च्या तुकडीतले प्रवीण दरेकर भाजपकडून विधान परिषदेत विरोधी पक्षनेते झाले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. राजकारणात माणसे पुढे जातात. प्रश्न एवढाच, की त्या काळात ज्यांनी टॅक्सीच्या काचा फोडल्या, रेल्वेच्या परीक्षा केंद्रांवर धुडगूस घातला, त्यांच्यातल्या किती जणांना असे कुठे जाता आले?

१९ ऑक्टोबर २००८ ची ती परीक्षा तुमच्या पक्षाच्या इतिहासातली मोठी घटना मानली जाते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. भरतीची जाहिरात मराठी वर्तमानपत्रांतून नीट येत नाही, ही तक्रार योग्य होती. तिचा जाब रेल्वे भरती मंडळाला आणि रेल्वे मंत्रालयाला विचारायला हवा होता. प्रत्यक्षात मार खाल्ला तो उत्तर प्रदेश आणि बिहारमधून प्रवेशपत्र घेऊन रात्रभर रेल्वेने प्रवास करून आलेल्या मुलांनी. जाहिरात कुठे द्यायची हे त्यांनी ठरवले नव्हते. तीही नोकरी शोधतच आली होती. दोन दिवसांनी साहेबांना रत्नागिरीत अटक झाली, त्यावरून राज्यात जाळपोळ झाली आणि त्या महिन्याच्या अखेरीपर्यंत मुंबईत माणसांचे बळीही गेले. पुढच्या वर्षी रेल्वेमंत्री ममता बॅनर्जी यांनी भरती परीक्षा प्रादेशिक भाषांतूनही घेण्याचा निर्णय जाहीर केला. तुम्ही त्याचे श्रेय घेता आणि ते काही अंशी तुमचे आहेही. पण हा निर्णय मंत्रालयाच्या कागदावर झाला, परीक्षा केंद्राच्या फाटकावर नाही. आणि तिथवर पोहोचायला मुलांना बडवणे हा एकमेव रस्ता होता, असे कोणी अजून सिद्ध केलेले नाही.

त्यानंतर सतरा वर्षांनी, जुलै २०२५ च्या पहिल्या दिवसांत, मीरा रोडचा व्हिडिओ सगळ्यांनी मोबाइलवर पाहिला. गळ्यात पक्षाचे उपरणे घातलेले तुमचे कार्यकर्ते एका दुकानदाराशी बोलत आहेत. मराठी का बोलायची, असा काहीसा प्रश्न तो विचारतो. बोलणे वाढते आणि मग थोबाडीत बसते, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा. चारच दिवसांनी वरळीच्या व्यासपीठावरून साहेबांनी विनाकारण कोणाला मारू नका असे सांगितले, पण कोणी जास्त नाटके केली तर कानाखाली आवाज काढायला हरकत ठेवली नाही, आणि वर अशा प्रसंगाचे व्हिडिओ काढू नका, अशी सूचना केली. सभागृह हसले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही, कारण ती सूचना तुमच्यासाठी होती. व्हिडिओ नसला तर बातमी होत नाही, पण फिर्याद होते, आरोपपत्र दाखल होते, आणि खासगी कंपनीत नोकरीला लागताना चारित्र्य पडताळणीचा कागद मागितला जातो तेव्हा ते सगळे त्यात उमटते.

यातली विसंगती त्याच वर्षीच्या आणखी एका प्रसंगात स्पष्ट दिसते. ३० मार्च २०२५ च्या पाडवा मेळाव्यात बँकांमध्ये मराठीचा वापर होतो की नाही हे तपासण्याचा आदेश निघाला. माझ्या दृष्टीने हे आंदोलन योग्य जागी होते, कारण बँकेचे व्यवहार प्रादेशिक भाषेतही उपलब्ध असावेत असे रिझर्व्ह बँकेचेच निर्देश आहेत. पण आठवडाभरात, ५ एप्रिलला, पुरेशी जागृती झाली असे म्हणून ते थांबवण्याचे पत्र आले. तक्रार संस्थेविरुद्ध होती, नियम तुमच्या बाजूने होता, आणि तिथे मात्र माघार. पुढे दुकानदार, रिक्षावाला, सोसायटीचा पहारेकरी यांची पाळी आली की त्यांच्यासाठी असे थांबवणारे पत्र निघत नाही.

आता यशाच्या बाजूने पाहा. सगळ्या दुकानांना मराठी पाट्या बंधनकारक करणारी दुरुस्ती २०२२ मध्ये विधिमंडळात झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत पाट्या लावण्यास सांगितले. मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना टोलमाफी ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने दिली. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणणारे शासन निर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घेतले गेले. मोर्चाची तारीख जाहीर झाली होती, शिक्षक, लेखक आणि मराठीसाठी वर्षानुवर्षे काम करणाऱ्या संस्था एकत्र आल्या होत्या, आणि मोर्चा निघायच्या आतच सरकारने हात टेकले. या तिन्ही ठिकाणी तुमच्या पक्षाचा दबाव होता. काम मात्र झाले ते निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर.

या घराण्याचा वारसा सांगताना तुम्ही प्रबोधनकारांचे नाव घेता. ऑगस्ट २०२१ मध्ये, राष्ट्रवादीच्या स्थापनेनंतर राज्यात जातीयवाद वाढला असे राज ठाकरे म्हणाले, तेव्हा शरद पवारांनी त्यांना आजोबांचे लेखन वाचण्याचा सल्ला दिला होता. पवारांचा टोमणा राजकीय होता, तो बाजूला ठेवू. पण प्रबोधनकारांची लेखणी चालली ती भिक्षुकशाहीवर, हुंड्यावर, अंधश्रद्धेवर. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते उतरले ते मोरारजींच्या सरकारविरुद्ध आणि दिल्लीविरुद्ध. त्यांचा प्रतिस्पर्धी नेहमी त्यांच्यापेक्षा बलवान असे. नातवात ती धमक नाही असे मी म्हणणार नाही. मार्च २०२५ मध्ये कुंभमेळ्याहून आणलेले गंगाजल आपण प्यालो नाही, असे ते भर सभेत म्हणाले, आणि त्याच महिन्यात औरंगजेबाची कबर हटवण्याची मागणी जोरात असताना ती तशीच ठेवा, मराठ्यांना संपवायला आलेला इथेच गाडला गेला हे जगाला कळू द्या, आणि इतिहास व्हॉट्सॲपवर वाचू नका, असे त्यांनी सुनावले. आजच्या वातावरणात असे बोलायला हिंमत लागते. मला तरी त्यांच्या सगळ्या भाषणांतला हा भाग आजोबांच्या सर्वात जवळचा वाटतो. दुर्दैवाने त्या दिवशी टाळ्या कमी पडल्या, आणि कोणत्या वाक्याला टाळ्या पडतात हे राजकारण्याला चटकन कळते. त्या टाळ्या तुमच्या असतात.

नाशिकचा विषय टाळता येणार नाही. २०१२ मध्ये १२२ पैकी ४० जागा देऊन नाशिककरांनी तुम्हाला महापौरपद दिले. पांडवलेण्यांच्या पायथ्याचे वनस्पती उद्यान, गोदापार्क, शस्त्रास्त्रांचे संग्रहालय ही कामे उद्योगसमूहांच्या मदतीने झाली आणि त्यांत सौंदर्यदृष्टी होती, हे विरोधकही मान्य करतील. २०१७ मध्ये तिथेच तुमचे पाच नगरसेवक उरले. कामे करूनही लोकांनी मते दिली नाहीत, ही साहेबांची खंत तुम्ही अनेकदा ऐकली असेल. पण त्या निवडणुकीआधी किती नगरसेवक पक्ष सोडून गेले आणि त्यांना थांबवणारे कोण होते, हेही तितक्याच वेळा ऐकायला हवे होते. मुंबईहून अधूनमधून येणाऱ्या नेत्याच्या करिष्म्यावर उद्यान उभे राहते, संघटना राहत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात महाराष्ट्राचा जो विकास आराखडा गाजावाजा करून मांडला गेला, त्याची एक प्रत तुमच्या शाखेत आज असेल तर काढून पाहा. भोंग्यांपेक्षा कितीतरी अधिक मजकूर त्यात सापडेल.

आता दोन्ही भाऊ एकत्र आले आहेत. राजकीयदृष्ट्या ते सोयीचे असेल, भावनिकदृष्ट्या अनेकांना सुखावणारेही असेल. पण मुंबई महापालिका १९९७ पासून २०२२ पर्यंत शिवसेनेच्या ताब्यात होती आणि त्याच काळात पालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा एकेक करून ओस पडत गेल्या. तुमच्या पक्षाने तेव्हा त्यावर टीका केली होती आणि ती रास्त होती. आज एकाच व्यासपीठावर बसताना तो हिशेब मागितला गेला का? दुकानदाराला मराठी येत नाही याचा राग येणाऱ्याला, वॉर्डातली मराठी शाळा बंद पडते याचा राग अधिक यायला हवा. तिथे जाब विचारण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज आणि शिक्षण समितीची बैठक पुरते.

माझी मागणी मोठी नाही. तुमच्या पुढच्या शाखा बैठकीत एकच विषय ठेवा : २००८ पासून पक्षाच्या आंदोलनांत ज्यांच्यावर गुन्हे दाखल झाले, त्यांची यादी. कोणावर कोणते कलम आहे, तारखा अजून कोणत्या न्यायालयात पडतात, वकिलाचे पैसे आजवर कोणी भरले, कोणाची नोकरी किंवा पारपत्र त्यापायी अडकले, आणि ज्या भूमिकेसाठी तो गुन्हा अंगावर घेतला ती भूमिका आज पक्षाची आहे की नाही, हे प्रत्येक नावापुढे लिहा. साहेबांवरही खटले झाले, अटक झाली, हे मला माहीत आहे. त्यांचे नाव यादीत सर्वात वर लिहा. मग ती यादी तुमच्या सह्यांनिशी साहेबांच्या घरी, शिवतीर्थावर नेऊन द्या, आणि पुढच्या पाडव्याच्या भाषणात तिला उत्तर मिळावे अशी लेखी विनंती करा.

आपला,
एक मराठी मतदार